गॉसिपॉल : सरकीतल्या पिवळ्या द्रव्याचे नाव

मराठवाड्यात कपाशीची सरकी तेल काढून झाल्यावर पेंड होऊन गोठ्यात येते आणि ती ‘नैसर्गिक, म्हणजे केमिकल नसलेली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात सरकीचा दाणा सोलून आडवा कापला, तर फिकट गरात टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल हे पिवळे रसायन असते आणि ते कपाशीने किडींपासून बचावासाठी स्वतःच तयार केलेले असते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी ही समजूत इथेच लंगडी पडते.

हे नाव पोलिश रसायनशास्त्रज्ञ लेऑन मार्खलेव्स्की यांनी १८९९ मध्ये दिले. कपाशीच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘गॉसिपियम’. त्याचा आरंभ आणि ‘फिनॉल’मधला ‘ऑल’ यांची ही जोडणी आहे. फिनॉलमध्ये बेंझिनसारख्या कार्बनच्या वलयाला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) थेट जोडलेला असतो आणि असा गट सौम्य आम्लासारखा वागतो. म्हणूनच कच्च्या सरकी तेलावर कॉस्टिक सोडा या अल्कलीची प्रक्रिया केली की गॉसिपॉल साबणाच्या गाळाबरोबर बाहेर पडते. एवढ्यापुरते नाव चोख आहे.

रॉजर ॲडम्स यांच्या गटाने १९३८ मध्ये या रेणूची रचना मांडली, तेव्हा सहा हायड्रॉक्सिल गटांबरोबर दोन अल्डिहाइड गटही (कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि शिवाय एक हायड्रोजन जोडलेले) असल्याचे स्पष्ट झाले. नामकरणाच्या आजच्या नियमांत अल्डिहाइडचा मान हायड्रॉक्सिलच्या वरचा असल्याने पद्धतशीर नावाचा शेवट ‘डायकार्बाल्डिहाइड’ असा होतो आणि ‘ऑल’ला तिथे जागाच उरत नाही. हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे, कारण पेंडीतल्या प्रथिनांशी जुळते ते हे अल्डिहाइडच. प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या शेपटीकडील अमिनो गटाशी त्याची अभिक्रिया होऊन पाण्याचा रेणू बाहेर पडतो, कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध तयार होतो आणि ते लायसिन जनावराच्या पचनाला दुरावते. घाण्यातल्या उष्णतेने हीच जुळणी होते, त्यामुळे मोकळे, म्हणजे प्रथिनांशी न जुळलेले आणि अपाय करू शकणारे गॉसिपॉल घटते खरे, पण प्रथिनाचा कसही उतरतो.

प्रौढ गाई-म्हशींच्या कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) मोकळे गॉसिपॉल बरेचसे प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होते. लहान वासरांचे कोठीपोट पुरते वाढलेले नसते आणि कोंबड्यांना ते नसतेच, म्हणून दोघांनाही ही पेंड जपून द्यावी लागते. गॉसिपॉल लोहालाही धरून ठेवते; सरकी पेंड भरपूर खाल्लेल्या कोंबडीची अंडी साठवून ठेवली की बलक हिरवट-तपकिरी होतो, तो यामुळेच.