नजर नाही लागली, स्कोप तापला

मागच्या रविवारी आमच्या क्लबची एअरगनची फील्ड टार्गेट मॅच झाली, संत्र्याच्या बागेला लागून जे पडीक वावर आहे ना, तिथंच, धुऱ्यापासून नाल्यापर्यंत. अंबिया बहर फुललेला, वास पार आमच्यापर्यंत येत होता. क्लबातल्या एका पोरानं सकाळच्या राउंडला एकही टार्गेट सोडलं नाही, लांबचेही सगळे पाडले. अन् जेवणानंतर त्याच बंदुकीनं, त्याच डब्यातल्या छर्ऱ्यानं, ४० मीटरच्या पुढचं एकही पडेना. त्याचे मोठे बाबा निंबाखाली बसले होते, ते म्हणाले, "नजर लागली पोराले. सकाळी साऱ्यायनं लय वाहवा केली ना." संध्याकाळी पाहतो तर बंदुकीच्या दस्त्याला लिंबू-मिरची बांधलेली. म्हणून हे लिहितोय, कारण खरं कारण मला फार आवडतं आणि ते शाळेच्या पुस्तकातलंच आहे.

खेळ आधी थोडक्यात सांगतो. १९८० च्या सुमारास इंग्लंडात सुरू झाला. पत्र्याचा उंदीर, ससा, कावळा असे कापून उभे करतात, जिवंत पाखरावर नेम धरायचा नाही हा आमचा पहिला नियम. पत्र्याला एक गोल भोक असतं, भोकाच्या मागं छोटी पाटी. छर्रा भोकातून जाऊन पाटीला लागला तरच टार्गेट पडतं, भोकाबाहेर पत्र्याला लागला तर नुसता टण् आवाज येतो आणि शून्य. पडलेलं टार्गेट बसल्या जागेवरून दोरी ओढून परत उभं करायचं. अंतर साधारण ८ ते ५० मीटर, मोठ्यात मोठं भोक ४० मिलिमीटरचं. आणि गंमत इथं आहे की कोणतं टार्गेट किती लांब ते कोणी सांगत नाही, लेझरनं मोजायलाही बंदी.

आता अंतर कशाला पाहिजे? तर लोकांना वाटतं छर्रा सरळ जातो आणि दम संपला की खाली येतो. तसं नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून तो पडायला लागतो, हातातून सुटलेल्या गोट्यासारखाच. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास, हवा त्याला रोखत जाते, ५० मीटर जायला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो वीतभर खाली येतो. म्हणून नळी तेवढी वर धरावी लागते. पण टार्गेट ४५ मीटरवर असताना तुम्ही ५० समजलात, तर छर्रा जवळपास ३ सेंटिमीटर वर लागतो. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जागा २ सेंटिमीटरची. झाला टण्.

मग अंतर कळतं कसं? स्कोपच्या, म्हणजे बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीच्या, चाकावरून. शाळेत भिंग धरून भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र पाडलं होतं, आठवतं? वस्तू लांब असली की चित्र भिंगाच्या जवळ पडतं, वस्तू जवळ आली की चित्र मागं सरकतं. स्कोपच्या बाजूचं चाक फिरवलं की आतली काच सरकते आणि ते चित्र बरोबर आतल्या क्रॉसवर, म्हणजे नेम धरायच्या फुलीवर, आणून बसवता येतं. आमची पोरं टार्गेटची दोरी किंवा पत्र्यावरचा एखादा ओरखडा पाहतात, त्याची कड चाकूसारखी स्पष्ट झाली की थांबतात आणि चाकावर चिकटवलेल्या पट्टीवर मीटर वाचतात. म्हणजे फोकस हाच टेप.

आता जरा आकडे, पण सोडू नका, मजा यातच आहे. समजा समोरच्या भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर, म्हणजे फार लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून २० सेंटिमीटरवर, नाभीपाशी पडतं. १० मीटरवरच्या वस्तूचं चित्र नाभीच्या ४ मिलिमीटर मागं पडतं, २० मीटरचं २ मिलिमीटर, ४० मीटरचं १ आणि ५० मीटरचं ०.८. म्हणजे १० आणि २० मीटरमध्ये २ मिलिमीटरचा फरक, आणि ४० अन् ५० मध्ये फक्त ०.२, वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर तेवढा. म्हणूनच लोक स्कोपला ताटलीएवढं चाक लावतात, लांबच्या खुणा फाकाव्यात म्हणून.

आणि आता ऊन. स्कोपची नळी ॲल्युमिनियमची, काळी. मीटरभर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं. सकाळी गारव्यात असलेला स्कोप दुपारी आपल्या विदर्भाच्या उन्हात २० अंशांनी तापला असं धरा, तर २० सेंटिमीटरची नळी ०.०९ मिलिमीटर लांबते, म्हणजे समोरचं भिंग अन् आतला क्रॉस तेवढे दूर जातात. वहीचं एक पान! पण ४० ते ५० मीटरचा सगळा हिशोबच दोन पानांचा, त्यातलं एक उन्हानं खाल्लं, म्हणजे चार-पाच मीटरची चूक, म्हणजे ३ सेंटिमीटर, म्हणजे टण्. काचही तापून थोडी बदलते, त्यामुळे नेमका आकडा प्रत्येक स्कोपचा वेगळा येईल, पण प्रकार हाच. जवळचे टार्गेट मात्र दुपारीही पडतात, कारण तिथं खुणांमध्ये जागा भरपूर. नजर लागली असती तर ती २० मीटरला सोडून ४० ला कशी लागली असती? शिवाय तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते, त्यात कड स्पष्ट कुठं झाली तेच समजत नाही. जाहिरातीत महागडा स्कोप "प्रत्येक हवामानात अचूक" लिहून विकतात त्यावरही माझा विश्वास नाही, धातू तापला की वाढणारच, किंमत कितीही असो.

परवा त्या पोराला घेऊन बसलो. भर दुपारी टेपनं मोजून खुंट्या ठोकल्या, १०, २०, ३०, ४०, ४५, ५०, स्कोप तासभर उन्हात ठेवला आणि प्रत्येक खुंटीवर फोकस करून चाकावर दुसरी पट्टी चिकटवली, लाल शाईची. सकाळची निळी, दुपारची लाल. मधल्या वेळी स्कोपवर छत्री धरायची. मोठे बाबा पाहत होते. लाल पट्टीवर ४५ वाचून पोरानं घोडा दाबला आणि नाल्याकाठचा पत्र्याचा कावळा आडवा झाला, तर दोरी ओढायला तेच उठले.