ऑक्सिजन-अणूंची अतिनील वायुदीप्ती

पृथ्वीच्या उच्च वातावरणातील ऑक्सिजनचे उद्दीपित अणू मूळ ऊर्जापातळीवर परतताना जो अतिनील (जंबुपार) प्रकाश बाहेर टाकतात, त्याला ही संज्ञा आहे. त्यात १३०.४ आणि १३५.६ नॅनोमीटर तरंगलांबीची उत्सर्जने प्रमुख होत. माळव्यातल्या रात्रींची ख्याती मोठी असली, तरी इंदुरातील वाड्याच्या गच्चीवरून हा प्रकाश कधीच दिसणार नाही; तो डोळ्यांना अदृश्य तर आहेच, शिवाय सुमारे १०० किलोमीटर उंचीखालील रेणुरूप ऑक्सिजन तो वाटेतच शोषून घेतो. त्यामुळे त्याचा अभ्यास अग्निबाण व उपग्रहांवरूनच करावा लागतो.

दिवसा सूर्यप्रकाशामुळे सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन अणूंवर आदळून दोन्ही उत्सर्जने घडवतात. १३०.४ चा प्रकाश मात्र एका अणूने सोडावा, दुसऱ्याने टिपावा आणि पुन्हा सोडावा, असा वारंवार विखुरतो, त्यामुळे त्यावरून अणूंची संख्या काढणे किचकट ठरते. रात्रीचे १३५.६ चे उत्सर्जन त्या मानाने सरळ आहे: ऑक्सिजनचा धन आयन इलेक्ट्रॉनशी पुन्हा संयोग पावतो, तेव्हा ते प्रामुख्याने घडते. आयनांबराच्या, म्हणजे उच्च वातावरणातील आयन व मुक्त इलेक्ट्रॉन असलेल्या भागाच्या, वरच्या थरात आयन व इलेक्ट्रॉन जवळजवळ समसंख्य असल्याने त्याची तीव्रता इलेक्ट्रॉन-घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता दुप्पट झाली की प्रकाश चौपट होतो. या विषयाचे खरे मोल या नात्यात आहे, कारण त्यामुळे आकाशाच्या छायाचित्रावरून आयनांबराचा नकाशा काढता येतो.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज कॅरुथर्स यांचा सोन्याचा मुलामा दिलेला अतिनील कॅमेरा चांद्रयानाच्या सावलीत ठेवून पृथ्वीची छायाचित्रे घेतली, तेव्हा रात्रीच्या बाजूला चुंबकीय विषुववृत्ताच्या (जेथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा आडव्या असतात त्या रेषेच्या) दोन्ही अंगांना दोन तेजस्वी पट्टे उमटले. दिवसा विषुववृत्तावरून वर उचलला गेलेला प्लाझ्मा (आयन व इलेक्ट्रॉन यांचा वायू) चुंबकीय बलरेषांवरून उत्तरेस व दक्षिणेस घसरून साचतो, त्याचे हे पट्टे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि इंदूर, वडोदरा, अहमदाबाद ही शहरे उत्तरेकडील पट्ट्याच्या परिसरात येतात.

२००१ मधील टाइम्ड उपग्रहावरील गुवी आणि २०१८ पासूनचे गोल्ड या उपकरणांनी हे पट्टे सविस्तर टिपले आहेत. त्यांच्या चित्रांत सूर्यास्तानंतर कधीकधी उत्तर-दक्षिण गेलेल्या काळ्या चिरा दिसतात. ते प्लाझ्माचे विरळ बुडबुडे असून त्यांतून जाणारे जीपीएसचे संदेश डळमळतात.