पुण्यातील प्लेग-बंदोबस्तावरील टीका (1897)

मार्च ते मे 1897 या काळात मुंबई सरकारने पुणे शहरात लष्कराच्या मदतीने प्लेगविरोधी मोहीम चालवली. तिच्यावर वृत्तपत्रांनी, पुढाऱ्यांनी आणि नागरिकांनी घेतलेल्या आक्षेपांची ही नोंद आहे. मोहिमेचे प्रमुख अधिकारी रँड यांच्या खुनामुळे हा विषय बहुधा चापेकर बंधूंच्या हकिगतीची प्रस्तावना म्हणून सांगितला जातो आणि मूळ आक्षेप कशावर होते, हे बाजूला राहते. प्लेगचा बंदोबस्त करूच नये, असे प्रमुख टीकाकारांचे म्हणणे नव्हते. घरात कोण शिरतो, कसा शिरतो आणि तक्रार ऐकतो कोण, यावर भांडण होते.

1894 मध्ये हाँगकाँगात उसळलेली साथ सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात आढळली आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात पोचली. केसरीत तिला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. लोकांच्या तोंडी तो गाठीचा ताप. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला जरूर ते उपाय योजण्याची मुभा दिली, तिसऱ्याने आज्ञाभंग हा दंड संहितेच्या 188व्या कलमाखालचा गुन्हा ठरवला आणि चौथ्याने सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा लावण्याची वाट बंद केली. पुढचे बरेचसे रामायण या चौथ्या कलमापाशी येऊन थांबते.

साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांना पुण्यात आणून त्यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची प्लेग कमिटी नेमण्यात आली. मार्चच्या मध्यावर घरतपासणी सुरू झाली आणि 19 मे रोजी थांबली. कामावर सुमारे 900 लष्करी माणसे होती. त्यांत डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे शिपाई होते. तुकडीबरोबर एखादा स्थानिक गृहस्थ दुभाषा म्हणून असे. कामाचा क्रम ठरलेला होता: गल्ली अडवायची, घरोघर शिरून अंधाऱ्या खोल्या आणि माळे धुंडाळायचे, तापकरी सापडला तर त्याला प्लेगच्या इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रेगेशन (विलगीकरण) छावणीत पाठवायचे. मागे राहिलेल्या घरात जंतुनाशकाची फवारणी, भिंतींना चुना, जमीन उकरणे, उजेडासाठी कौले काढणे आणि अंथरूण-पांघरूण जाळणे. मृतदेहाचीही तपासणी झाल्याशिवाय अंत्यविधी होत नसे.

सगळ्यांत तीव्र आक्षेप स्त्रियांच्या तपासणीवर होता. काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे पाहणे हा तपासणीचा गाभा. ते परक्या शिपायांनी, चारचौघांत केले अशा तक्रारी होत्या. त्याखालोखाल देवघरात आणि स्वयंपाकघरात बुटांसह शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, पैसे व चीजवस्तू गहाळ होणे. प्लेग नसलेला साधा तापकरीही उचलला जाई. याचा उलटा परिणाम असा, की रोगी कळवण्यात घराचा तोटाच तोटा होता: माणूस जाणार, घरचे छावणीत, संसार जळणार. मग रोगी माळ्यावर लपवणे आणि मृत्यूची वाच्यता न करणे हेच शहाणपण ठरले. इस्पितळात माणसाची मोमिआई (अंगातले तेल) काढतात, ही अफवा त्याच भीतीतून पसरली.

टिळकांची भूमिका सरळ होती. रोग्याला वेगळे ठेवणे त्यांना मान्य होते. त्यांनी हिंदूंसाठी स्वतंत्र इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही बोल लावले. त्यांचा रोख शिपायांवर आणि ते पाठवणाऱ्यांवर होता. तपासणीचे काम स्थानिक स्वयंसेवकांकडे द्यावे, असे त्यांचे मत होते. 'सुधारक' हे वृत्तपत्र एरवी केसरीचे प्रतिस्पर्धी. त्यानेही शिपायांच्या वर्तनावर कोरडे ओढले. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात बायकांच्या सुरक्षिततेची काय अवस्था आहे, ते मांडले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते धुडकावले.

तक्रारी सिद्ध करायच्या कशा, हा खरा पेच. अब्रूच्या प्रकरणात घरचे लोक नाव सांगून पुढे येत नसत आणि चौकशी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच माणसांवर आरोप होते. गोपाळ कृष्ण गोखले याच पेचात सापडले. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये केला. परतल्यावर पत्रलेखक साक्षीला उभे राहिनात. ऑगस्टमध्ये गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुरावा मिळाला नाही याचा अर्थ प्रकार घडलाच नाही असा होत नाही, पण सरकारने तो तसाच लावला.

22 जून 1897 च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड 3 जुलैला वारले. केसरीने 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा सवाल केला तो त्यानंतरच्या दडपशाहीबद्दल. पुण्यातील सरदार नातू बंधूंना 1827 च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत टाकले. टिळकांना राजद्रोहाच्या 124अ कलमाखाली 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. मात्र आरोप प्लेगवरील लेखांचा नव्हता, शिवाजी उत्सवासंबंधी 15 जूनच्या अंकातील मजकुराचा होता. 1898 मध्ये त्या कलमाची व्याप्तीही वाढवण्यात आली.

वैद्यकीय बाजूने पाहिले, तर मोहिमेचा नेमच चुकला होता. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवले आणि त्याला सर्वमान्यता मिळायला आणखी काही वर्षे गेली. रोग्याला उचलले तरी घरातल्या पिसवा तिथेच राहत. जमीन उकरली की उंदीर शेजारच्या घरात. घरे रिकामी करून माळावर झोपड्यांत राहणे हा उपाय तेवढा खरा लागू पडत होता. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे पुढे खेड्यापाड्यांतले लोक आपणहून करू लागले. मे महिन्यात साथ ओसरली, त्याचे श्रेय कमिटीने घेतले. पण कडक, कोरड्या उन्हात पिसवा टिकत नाहीत, हेही त्यामागे होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात प्लेग पुण्यात पुन्हा उसळला.

पुढे सक्तीच्या तपासण्या सैल करून हाफकिनच्या प्लेगविरोधी लशीवर आणि लोकांच्या संमतीवर भर देण्यात आला. कायदा मात्र राहिला. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी तोच लागू केला आणि घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. चौथे कलम जसेच्या तसे आहे.