हापूस देठासकट का उतरवतात आणि तो चीक नक्की करतो काय

पेटीतला आंबा मस्त पिवळा झालाय पण देठापासून खाली एक काळपट ओघळ आहे, हे बघून बऱ्याच जणांना वाटतं आंबा सडायला लागला. सडलेला नसतो तो. झाडावरून उतरवताना चीक सालीवर सांडला त्याचा तो डाग, म्हणजे साल अक्षरशः भाजलेली असते, आतला गर बहुतेक वेळा ठणठणीत. भाव मात्र पडतो, आणि एक्सपोर्टच्या मालातून असं फळ सरळ बाजूला काढतात.

कैरीच्या सालीत बारीक नळ्या असतात आणि त्यात चीक चांगल्याच प्रेशरने भरलेला असतो. देठ फळाला चिकटतो तिथे एक नैसर्गिक सांधा असतो, पिकलेला आंबा आपोआप गळतो तो तिथूनच. कच्चं फळ हिसका मारून काढलं की नेमका हाच सांधा मोडतो आणि चिकाची पिचकारी उडते. पहिल्या काही सेकंदांत येतो तो चीक पातळ, तेलकट आणि सगळ्यात बेकार, नंतर हळूहळू पाझरतो तो तेवढा जाळत नाही. त्या पहिल्या चिकात टर्पीन जातीची तेलं असतात, ती सालीवरच्या बारीक ठिपक्यांतून आत शिरतात, तिथल्या पेशी खराब करतात आणि मग कापलेलं सफरचंद ज्या एन्झाइममुळे काळं पडतं त्याच जातीच्या एन्झाइममुळे साल काळी होते.

पण हाच देठ सांध्याच्या वर, तीन-चार सेंटीमीटर ठेवून कापला तर चीक जवळजवळ येतच नाही! म्हणून आंबे काढायच्या नुसत्या जाळीच्या काठीपेक्षा, म्हणजे घळापेक्षा, ब्लेडवाला झेला बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'नूतन झेला' याच कामाचा, बांबूच्या टोकाला ब्लेड आणि खाली जाळी, देठ कापला जातो आणि फळ जाळीत अलगद पडतं, जमिनीवर आपटत नाही. पुढे पेटीत लांब देठ शेजारच्या आंब्यांना टोचतात, तेव्हा सावलीत नेऊन देठ छोटा करायचा आणि त्या वेळी येणारा चीक फळ उलटं धरून किंवा जाळीवर उपडं ठेवून गळू द्यायचा. मातीत ठेवायचं नाही, मातीतून बुरशी येते. सकाळी झाडात पाणी भरपूर असतं म्हणून चीकही जोरात येतो, दुपारी कमी, पण दुपारच्या उन्हात काढलेलं फळ तापतं आणि पेटीत लवकर बिघडतं. माझ्या मते सकाळच बरी, देठ नीट कापला तर चिकाचं टेन्शन राहत नाही.

आंबा कधी काढायचा तो वेगळाच विषय, थोडक्यात सांगायचं तर लांबच्या बाजारासाठी चौदा आणे तयार झालेला, म्हणजे साधारण ८५ टक्के. झाडावर पूर्ण तयार व्हायची वाट बघितली तर हापूसमध्ये साक्याचा, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा, धोका वाढतो, आणि साका बाहेरून अजिबात दिसत नाही, कापल्यावरच कळतं.

आता गंमत बघा. सालीवर सांडला तर वैरी असलेला हा चीक आत राहिला तर राखणदार असतो. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात रिसॉर्सिनॉल जातीची रसायनं असतात, ती बुरशीला वाढू देत नाहीत. बुरशी तर बागेतच आलेली असते, करपा सालीवर गुपचूप बसलेला, देठ कुजवणारी देठात. फळ हिरवं आहे तोवर त्यांचं काही चालत नाही. आढीत घातलं, पिकायला लागलं की ही रसायनं कमी होत जातात आणि दोन-चार दिवसांत काळे ठिपके किंवा देठाभोवती काळं कडं दिसायला लागतं. ज्या फळात चीक जास्त शिल्लक राहतो त्यात अशी सड कमी होते असं संशोधनात दिसलंय. देठ उपटला तर दुहेरी नुकसान, राखणदार बाहेर सांडला आणि बुरशीला दार उघडं मिळालं. म्हणून घरी आंबे निवडताना ओघळाचा डाग असला तर खुशाल ठेवा, देठाभोवती मऊ काळं कडं पसरत असेल तर तो आंबा आजच कापा.

काजू आंब्याच्याच कुळातला, बिब्बाही त्यातलाच. काजूबीच्या टरफलातलं तेल हाताची कातडी सोलवटून काढतं, त्यात कार्डॉल आणि अनाकार्डिक आम्ल असतं, आणि कार्डॉल हे आंब्याच्या सालीतल्या त्या रिसॉर्सिनॉलांचं सख्खं भावंड. काजूत मात्र काढणीचा हिशोब उलटा. बी बोंडूच्या, म्हणजे ती ज्याला लटकते त्या रसाळ फळाच्या, आधी तयार होते, म्हणून झाडावरून खुडायची घाई नको, बोंडू पिकून बीसकट खाली पडू द्यायचा, वेचायचा, बी पिळून वेगळी करायची आणि दोन-तीन दिवस उन्हात चांगली वाळवायची, नाहीतर पोत्यात बुरशी धरते. ते तेल वाया जात नाही, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात.

आणि आंबा चोखून खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांभोवती पुरळ येतं, खाज सुटते, त्यांचं भांडणही याच मंडळींशी. ही रसायनं मुख्यतः सालीत आणि चिकात असतात, त्यामुळे अशा लोकांनी आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून टाकून, दुसऱ्या कोणाकडून सोलून घ्यावा आणि फोडी करून खावा, बऱ्याच जणांना मग काही त्रास होत नाही.