औषध कातडीतून आत जातंय का, हे करंटला विचारायचं

औषधाचा पॅच दंडावर चिकटवला की पुढे आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. गोळी गिळली की पोटात गेली एवढं तरी नक्की असतं, पण पॅचच्या खाली कातडीने औषध आत घेतलं की अडवून धरलं हे बाहेरून बघून कळत नाही आणि दर तासाला रक्त काढून तपासणं पेशंटला परवडणारं नाही. म्हणून कातडीचा विजेला होणारा विरोध मोजायची जी पद्धत आहे ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती न टोचता, लगेच, जागच्या जागी काहीतरी सांगते.

असं का जमतं? तर अडवणारा थर एकच आहे. कातडीचा अगदी वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, बहुतेक ठिकाणी फक्त 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. त्यात मेलेल्या चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या फटीत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचं स्निग्ध सारण ठासून भरलेलं असतं. हे सारण पाण्याला अडवतं, बहुतेक औषधांना अडवतं (साधारण 500 डाल्टनपेक्षा, म्हणजे रेणूच्या वजनाच्या मापात 500 पेक्षा, मोठा रेणू सहसा आत जातच नाही) आणि विजेलाही अडवतं. कोरड्या, धडधाकट कातडीच्या एका चौरस सेंटीमीटरचा विरोध लाखभर ओहमच्या घरात असू शकतो, आणि चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून-ओढून हा थर काढून टाकला तर तोच हजाराच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो.

मोजताना करंट अगदी बारीक आणि एसी वापरतात. डीसी सोडला तर तो स्वतःच आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत ढकलायला लागतो, म्हणजे मोजता मोजता आपणच कातडी बदलून टाकतो. (असं मुद्दाम ढकलणं हीसुद्धा औषध द्यायची एक पद्धतच आहे, तिला आयन्टोफोरेसिस म्हणतात.) फ्रिक्वेन्सी बदलून बघण्यातही मजा आहे. हा थर कॅपॅसिटरसारखा पण वागतो, म्हणजे सावकाश बदलणारा करंट अडवतो आणि भराभर बदलणारा सोडतो, त्यामुळे दहा-वीस हर्ट्झला जे दिसतं ते मुख्यतः ह्या थराचं असतं आणि फ्रिक्वेन्सी खूप वाढवली की करंट त्याला पार करून जातो, मग खालच्या ओल्या टिश्यूचा विरोध दिसायला लागतो.

ह्याचा उपयोग खरोखरच्या यंत्रात झालाय. सोनोप्रेप नावाचं अल्ट्रासाउंडचं उपकरण 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते 55 किलोहर्ट्झच्या लहरींनी कातडी सैल करायचं आणि करताना सतत कंडक्टन्स (विरोधाच्या उलट, म्हणजे वीज किती सहज जाते ते) बघत राहायचं, ठरलेल्या आकड्याला पोचला की बंद. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण प्रत्येकाची कातडी वेगळी, एकाला जेवढा वेळ पुरतो तेवढ्यात दुसऱ्याची जळजळ होईल, तेव्हा घड्याळ लावून थांबण्यापेक्षा कातडीलाच विचारून थांबलेलं बरं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, नाहीतर आकड्यांवर भलताच विश्वास बसतो. करंट वाहतो तो आयनांच्या वाटेने, म्हणजे पाणी असलेल्या बारीक फटींतून. निकोटिनसारखा छोटा, चरबीत विरघळणारा रेणू मात्र त्या स्निग्ध सारणातूनच पलीकडे जातो, तेव्हा औषध मजेत आत चाललेलं असताना विरोध जवळपास होता तिथेच राहू शकतो. म्हणजे मोजमाप दाराचं आहे, दारातून गेलेल्या औषधाचं नाही. शिवाय इलेक्ट्रोडखालच्या जेलने कातडी भिजते, घाम येतो, आणि तेवढ्यानेही विरोध उतरतो, म्हणून एकटा आकडा घेऊन काही ठरवू नये, त्याच माणसाचं त्याच जागचं आधीचं माप शेजारी ठेवूनच बघावं.

मायक्रोनीडलच्या, म्हणजे कातडीला बारीक भोकं पाडणाऱ्या अगदी छोट्या सुयांच्या, बाबतीत ही पद्धत सगळ्यात चोख बसते, कारण तिथे खरोखरची भोकं पडतात आणि पाण्याची वाट उघडते. सुया टोचल्या की विरोध एकदम खाली येतो आणि भोकं बुजत जातील तसा परत चढतो. माणसांवर असं मोजून पाहिलं तेव्हा उघड्या हवेत ठेवलेली कातडी दोन तासांच्या आत पूर्ववत झाली, पण वरून हवाबंद झाकून ठेवलेल्या जागी सुईची लांबी वगैरे बघता 3 पासून 40 तासांपर्यंत लागले. औषधाचा पॅच वरून किती वेळ लावून ठेवायचा आणि तोवर जंतूंनाही वाट किती वेळ मोकळी आहे, हे दोन्ही हिशोब ह्याच आकड्यांवरून करता येतात.