स्कॉटलंडमंत्र्याची तिजोरी आणि तीन आकड्यांचा गुणाकार

‘लंडनने इंग्लंडच्या रुग्णालयांसाठी जादा निधी दिला, आता स्कॉटलंडच्या रुग्णालयांनाही त्यातला वाटा मिळणार’ अशा अर्थाच्या बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात. त्यात दोन चुका असतात. पहिली, स्कॉटलंडला हा पैसा मिळतो पण तो रुग्णालयांवरच खर्च करण्याचं कुठलंही बंधन नसतं. दुसरी, हा वाटा लंडनमधला स्कॉटलंडमंत्री ठरवतो असा समज. तो मंत्री पैसे पोचते करतो. किती पोचते करायचे ते एक छोटंसं सूत्र ठरवतं. ते सूत्र शाळेतल्या गणिताचं आहे, पण त्याचं वागणं मात्र किरणोत्सर्गी पदार्थासारखं आहे. हा लेख मुख्यतः त्या सूत्राबद्दल आहे.

आधी मंत्र्याची ओळख. मराठी वाचकाला ‘भारतमंत्री’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. मोर्ले, माँटेग्यू ही नावं त्याच पदावरची. स्कॉटलंडमंत्री, वेल्समंत्री आणि उत्तर आयर्लंडमंत्री हे त्याच दर्जाचे ब्रिटिश मंत्रिमंडळातले मंत्री. फरक पैशाच्या दिशेत आहे. १९१९ च्या कायद्यापर्यंत भारतमंत्र्याचा पगारसुद्धा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे आणि दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या गळतीत लंडनमधला हा खर्चही होता. स्कॉटलंडमंत्र्याच्या हातून पैसा उलट दिशेला, म्हणजे लंडनहून एडिनबराकडे जातो.

स्कॉटलंडसाठी वेगळं मंत्रिपद १८८५ मध्ये पुन्हा सुरू झालं, १९२६ मध्ये त्याला पूर्ण दर्जा मिळाला. वेल्सचं पद १९६४ चं आणि उत्तर आयर्लंडचं १९७२ चं. १९९९ पर्यंत स्कॉटलंडमंत्री हा खऱ्या अर्थाने कारभारी होता. शाळा, रुग्णालयं, रस्ते, शेती सगळं त्याच्या खात्याखाली. १ जुलै १९९९ ला ते अधिकार एडिनबराच्या निवडून आलेल्या संसदेकडे गेले आणि तिथे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद, काम करू लागलं. लंडनमधल्या मंत्र्याकडे उरलं ते तीन प्रकारचं काम: मंत्रिमंडळात प्रदेशाची बाजू मांडणं, अनुदान पोचतं करणं आणि क्वचित प्रसंगी अडवणं.

अडवण्याचं काम १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. एडिनबराने संमत केलेलं विधेयक लंडनच्या राखीव विषयांवरच्या कायद्यात बदल करत असेल आणि त्यामुळे तो कायदा राबवताना बाधा येईल असं मानायला वाजवी कारण असेल, तर मंत्री साधारण चार आठवड्यांच्या मुदतीत आदेश काढून ते राजाच्या संमतीसाठी जाण्यापासून रोखू शकतो. हे कलम तेवीस वर्षांहून अधिक काळ वापरलंच गेलं नाही. पहिला वापर १७ जानेवारी २०२३ ला, लिंगओळख सुधारणा विधेयकावर, ॲलिस्टर जॅक यांनी केला. एडिनबराचं सरकार न्यायालयात गेलं आणि ८ डिसेंबर २०२३ ला हरलं. उत्तर आयर्लंडमंत्र्याची जबाबदारी आणखी जड आहे. तिथलं सरकार कोसळलं की निवडणुका आणि अंदाजपत्रक, दोन्हींचा भार लंडनवर येतो. शिवाय आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूने बहुमत होण्याची शक्यता दिसली तर सार्वमत घेणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

आता पैसा. ब्रिटिश संसदेपुढे वर्षाच्या सुरुवातीला अनुदानाच्या मागण्या येतात, त्यात स्कॉटलंड कार्यालयाची एक मागणी असते. ही मागणी अवाढव्य दिसते, कारण कार्यालयाचा स्वतःचा खर्च त्यात अगदी किरकोळ असतो आणि बाकी सगळी रक्कम पुढे पाठवायचं अनुदान असते. विनियोजन विधेयक मंजूर झालं की त्याच स्कॉटलंड कायद्याच्या कलम ६४ नुसार मंत्री ही रक्कम स्कॉटलंडच्या संचित निधीत भरतो. एकदम नाही, वर्षभरात गरजेप्रमाणे हप्त्याहप्त्याने. तिथून ती काढायला एडिनबराच्या संसदेचा स्वतंत्र अंदाजपत्रक कायदा लागतो. वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठीही रचना अशीच आहे.

यात एक अडचण दरवर्षी येते. लंडनने जानेवारी-फेब्रुवारीच्या पुरवणी मागण्यांत एखाद्या इंग्लिश खात्याला पैसे वाढवले, की त्याचा वाटा एडिनबराला ३१ मार्चच्या तोंडावर मिळतो. तो पुढल्या वर्षी न्यायचा तर खास राखीव निधीत ठेवावा लागतो आणि त्या निधीला मर्यादा आहे. २०१७-१८ पासून ती ७० कोटी पौंड होती, नंतर ती महागाईशी जोडली गेली. कोविडच्या वर्षात ही ओढाताण इतकी वाढली की जुलै २०२० मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने किमान रकमेची आगाऊ हमीच दिली.

आणि आता सूत्र. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अर्थखात्याचे मुख्य सचिव होते. हे तिथे मंत्र्याचं पद आहे, नोकरशहाचं नाही. त्यांनी आणलेलं हे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

अनुदानातला बदल = इंग्लंडमधल्या त्या खात्याच्या खर्चातला बदल × तुल्यता टक्केवारी × लोकसंख्येचं प्रमाण.

उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या आरोग्य खात्याला १०० कोटी पौंड वाढवून मिळाले. आरोग्य हा जवळजवळ पूर्णपणे प्रदेशांकडे सोपवलेला विषय, म्हणून तुल्यता १०० टक्के धरू. स्कॉटलंडची लोकसंख्या इंग्लंडच्या साधारण ९.७ टक्के, म्हणजे एडिनबराला ९.७ कोटी. वेल्स साधारण ५.६ टक्के, तिथे ५.६ कोटी. उत्तर आयर्लंड सुमारे ३.४ टक्के, म्हणजे ३.४ कोटी. शेवटच्या दोन आकड्यांत एक गरजेचा गुणक घालायचा राहिला आहे, तो पुढे येईल. हे पैसे एकगठ्ठा अनुदानात मिसळतात. एडिनबराने ते बेटांवरच्या बोटसेवेला दिले तरी कोणी विचारू शकत नाही.

लोकसंख्येचा आकडा जनगणना आणि वार्षिक अंदाजांतून येतो, त्यावर फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते तुल्यतेवर. खात्यातला प्रत्येक उपक्रम एकतर १०० किंवा ०. तो विषय प्रदेशाकडे सोपवलेला असेल तर १००, लंडनकडेच असेल तर ०. मग खर्चाच्या वजनाने सरासरी काढतात. समजा वाहतूक खात्याचे १०० रुपयांचे तीन उपक्रम आहेत: स्थानिक रस्ते ४०, बससेवा २३ आणि एक मोठा रेल्वेमार्ग ३७. पहिले दोन वेल्सकडे सोपवलेले, तिसरा नाही. तुल्यता ६३ टक्के. आता रेल्वेमार्गाचा खर्च ३७ वरून १३७ झाला तर तोच आकडा ६३ भागिले २००, म्हणजे ३१.५ टक्क्यांवर घसरतो. वेल्सच्या अधिकारांत कणभरही बदल झालेला नसतो.

हे काल्पनिक उदाहरण प्रत्यक्षाच्या फार जवळचं आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ‘एचएस२’ या वेगवान रेल्वेची सगळी लोखंडी पट्टी इंग्लंडच्या जमिनीवर आहे. पण रेल्वेची पायाभूत व्यवस्था वेल्सकडे सोपवलेली नसल्यामुळे हा प्रकल्प ‘इंग्लंड आणि वेल्स’ असा नोंदवला गेला. वेल्सच्या रकान्यात ०, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या रकान्यात १००. ब्रिटिश अर्थखात्याच्या तक्त्यात वाहतूक खात्याच्या ओळीत वेल्सची तुल्यता २०१५ मध्ये ८०.९ टक्के होती, २०२१ मध्ये ती ३६.६ टक्के झाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या वेल्सविषयक समितीने हा प्रकल्प फक्त इंग्लंडचा म्हणून नोंदवावा अशी शिफारस केली, ती मान्य झाली नाही. वेल्समंत्र्याच्या कामाची खरी परीक्षा अशा जागी होते. गुणाकार बदलता येत नाही, पण तक्ता पक्का होण्याआधी मंत्रिमंडळात एखाद्या शून्यावर बोलता येतं.

सूत्र पुन्हा वाचा. त्यात ‘खर्च’ नाही, ‘खर्चातला बदल’ आहे. पाण्याच्या टाकीच्या भाषेत, सूत्र फक्त नळाकडे बघतं. टाकीत आधी किती पाणी होतं हे त्याला दिसतच नाही. सूत्र आलं तेव्हा स्कॉटलंडचा माणशी खर्च इंग्लंडपेक्षा जास्त होता, तो तसाच टाकीत राहिला.

मग काय होतं ते पाहू. इंग्लंडचा माणशी खर्च १०० आणि स्कॉटलंडचा १२५ धरा. इंग्लंडचा ५ टक्क्यांनी वाढून १०५ झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा म्हणजे माणशी तेवढीच वाढ, म्हणून स्कॉटलंडचाही ५ ने वाढून १३०. अंतर २५ चंच राहिलं, पण गुणोत्तर १.२५ वरून सुमारे १.२४ वर आलं. इंग्लंड २०० वर पोचेल तेव्हा स्कॉटलंड २२५, गुणोत्तर १.१२५. इंग्लंड ४०० वर, स्कॉटलंड ४२५, गुणोत्तर १.०६२५. म्हणजे इंग्लंडचा खर्च जितक्या वेळा दुप्पट होईल तितक्या वेळा स्कॉटलंडची टक्केवारीतली आघाडी निम्मी. किरणोत्सर्गी अणूंच्या अर्धायुष्याचं गणित हुबेहूब हेच! दुपटीचा काळ साधारण ७० भागिले वाढीचा दर, म्हणून खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला तर अर्धायुष्य १४ वर्षं, २ टक्क्यांनी वाढला तर ३५ वर्षं. या प्रक्रियेला ‘बार्नेटचा पिळा’ म्हणतात. कोणीही कपात जाहीर न करता, दरवर्षी वाढ देतादेताच आघाडी झिजत जाते.

गणित इतकं स्वच्छ असूनही प्रत्यक्षात स्कॉटलंडची आघाडी संपली नाही, याची कारणं त्याच समीकरणात सापडतात. सुरुवातीला इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांचं प्रमाण ८५:१०:५ असं सरळ पूर्णांकांत गोठवलं होतं. १० भागिले ८५ म्हणजे ११.७६ टक्के, जे खऱ्या लोकसंख्येपेक्षा जास्त होतं. १९९२ मध्ये ते १०.६६ वर आणलं, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक खर्च-आढाव्यात ते नव्याने मोजलं जाऊ लागलं.

दुसरं कारण जास्त सूक्ष्म आहे. समजा इंग्लंडची लोकसंख्या १ टक्क्याने वाढली, म्हणून खर्चही १ टक्क्याने वाढवला. इंग्लंडमध्ये माणशी वाढ शून्य. पण खर्चातला ‘बदल’ शून्य नाही, त्यामुळे लोकसंख्या स्थिर असलेल्या स्कॉटलंडला त्याचा वाटा मिळतो आणि तिथला माणशी खर्च वाढतो. पिळा इथे उलटा फिरतो. तिसरं, कपातीच्या काळात चिन्ह बदलतं: इंग्लंड १०० वरून ९० वर, स्कॉटलंड १२५ वरून ११५ वर, आणि गुणोत्तर १.२५ वरून १.२८. आणि चौथं, सूत्राला वळसा. जून २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांच्या अल्पमतातल्या सरकारला उत्तर आयर्लंडमधल्या एका पक्षाचा पाठिंबा मिळाला तेव्हा उत्तर आयर्लंडला १०० कोटी पौंड सूत्राबाहेरून दिले गेले.

सूत्र आहे म्हणजे न्याय आहे, हा समज सोडला पाहिजे. तो अंधश्रद्धेचाच एक प्रकार आहे. आजारी माणसं किती, म्हातारी किती, डोंगराळ वस्ती किती, यातलं काहीही या गुणाकारात नाही. शिवाय ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, ते अर्थखात्याचं धोरण आहे. स्वतः बार्नेट यांनी पुढे ते बदलण्याची जाहीर मागणी केली आणि २००९ मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने गरजेवर आधारलेली पद्धत सुचवली. महाराष्ट्रात दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भ-मराठवाड्याचा ‘अनुशेष’ मोजला, तो प्रश्न टाकीत किती कमी आहे याचा होता. अनुशेष साठा मोजतो आणि बार्नेट प्रवाह. दोन्ही पद्धतींवर वाद होतात, पण ते वेगवेगळ्या राशींवरचे वाद आहेत.

गरजेचा गुणक अखेर वेल्सला मिळाला. अभ्यासाअंती असं ठरलं की वेल्सची गरज माणशी इंग्लंडच्या ११५ टक्के आहे. म्हणून २०१८-१९ पासून वेल्सच्या गुणाकारात १.०५ घातले जातात, आणि पिळा पिळत पिळत गुणोत्तर ११५ वर आलं की १.०५ च्या जागी १.१५. १.०५ ने वरच्या उदाहरणातले ५.६ कोटी ५.८८ होतात. गणिताने बघा: प्रत्येक वाढ माणशी १.१५ पट असेल तर गुणोत्तर १ कडे न सरकता १.१५ वर स्थिरावतं. तळ बांधला गेला. उत्तर आयर्लंडसाठी हा तळ १२४ टक्के, २०२४-२५ पासून, म्हणून तिथले ३.४ कोटी सुमारे ४.२ होतात. स्कॉटलंडला असा गुणक नाही.

स्कॉटलंडमध्ये एक जास्तीची गुंतागुंत आहे. तिथल्या पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे एप्रिल २०१७ पासून एडिनबराकडे आहेत, म्हणून बार्नेटने आलेल्या अनुदानातून त्या कराइतकी रक्कम वजा होते. ही वजावट उर्वरित ब्रिटनमधल्या माणशी करवसुलीच्या आणि स्कॉटलंडच्या लोकसंख्येच्या गतीने वाढते. स्कॉटलंडचं माणशी करउत्पन्न त्याहून वेगाने वाढलं तर फायदा, मंदावलं तर तोटा. दोन्ही आकडे आधी अंदाजाने धरले जातात, प्रत्यक्ष वसुली कळल्यावर फरकाची जुळवणी होते आणि ती तीन वर्षांनंतरच्या अंदाजपत्रकात उतरते. आजच्या चुकीच्या अंदाजाचं बिल तीन वर्षांनी येतं.

वेल्सच्या रेल्वेचं पुढे काय झालं? जून २०२५ च्या खर्च-आढाव्यात वेल्समधल्या रेल्वेसाठी ४४.५ कोटी पौंड जाहीर झाले. ते बार्नेटमधून आलेले नाहीत. त्यातली बहुतांश रक्कम लंडनचं वाहतूक खातं स्वतः खर्च करणार, कार्डिफच्या, म्हणजे वेल्स सरकारच्या, संचित निधीत ती येणार नाही. एचएस२ च्या ओळीत वेल्सपुढचा ० तसाच राहिला.