आवाजासाठी भिंतीला पाडलेलं भोक

स्वरयंत्र काढलेल्या माणसाला गरम चहावर फुंकर घालता येत नाही. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं. पण शिट्टी, नाक शिंकरणं, फोडणीचा वास हेही त्याच दिवशी जातं, ते घरी आल्यावर कळतं. कारण ऑपरेशनमध्ये श्वासनलिकेचं वरचं तोंड मानेवर पुढे आणून कातडीला शिवलेलं असतं. श्वास तिथूनच आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. नाका-तोंडाचा फुफ्फुसांशी संबंध उरत नाही.

गंमत अशी की बोलायला लागणारं बाकीचं सामान जागेवर असतं. जीभ, दात, टाळू, ओठ शाबूत असतात, छातीत हवाही भरपूर असते. फक्त ती हवा तोंडापर्यंत पोचत नाही.

कॅन्सरमुळे अख्खं स्वरयंत्र काढण्याचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी 31 डिसेंबर 1873 रोजी केलं. त्यांचे सहायक कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं. पेटीत असते तशी कंप पावणारी पट्टी त्यात होती. आवाज निघाला, पण एकसुरी.

खरी युक्ती सापडली ती एका रुग्णाला, तीही अघोरी मार्गानं. श्वासनलिका आणि तिच्या मागची अन्ननलिका यांच्यामध्ये पातळशी सामाईक भिंत असते. अमेरिकेत एका रुग्णानं बर्फ फोडायचा टोच्या तापवून मानेतल्या भोकातून ती भिंत स्वतःच भोसकली. मग बाहेरचं भोक बोटानं दाबलं की हवा मागे अन्ननलिकेत शिरायची आणि तो बोलायचा! 1932 मध्ये गुटमन या डॉक्टरांनी ही हकिकत नोंदवली.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं सर्जन या भोकाशी झगडत राहिले. भोक लहान ठेवलं तर बुजून जातं, मोठं ठेवलं तर चहा-पाणी फुफ्फुसात उतरतं. कातडीची नळी करून पाहिली, अन्ननलिकेच्या अस्तराची घडी घालून पाहिली. अखेर इंडियानापोलिसचे सर्जन मार्क सिंगर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एरिक ब्लॉम यांनी 1980 मध्ये सोपा उपाय प्रसिद्ध केला: भिंतीला छोटं भोक पाडायचं आणि त्यात सिलिकॉनची एकतर्फी झडप बसवायची. हवेच्या दाबानं ती अन्ननलिकेच्या बाजूला उघडते. उलट दिशेनं घास किंवा घोट आला तर मिटलेलीच राहते.

झडप आवाज काढत नाही. ती नुसतं दार आहे. अंगठ्यानं मानेवरचं भोक झाकून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तिच्या वरच्या टोकाचे मऊ स्नायू थरथरतात. म्हणजे ढेकर देताना जे होतं तेच, फक्त मागे छातीभर हवेचा जोर. हवा गिळून ढेकरेवर बोलायची जुनी पद्धत आहेच, पण त्यात चार-दोन शब्दांत हवा संपते. इथे सलग वाक्य बोलता येतं. काहींचे हे स्नायू मात्र आवळून बसतात आणि आवाज अडतो. मग त्यातला काही भाग कापावा लागतो किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन द्यावं लागतं.

मराठी बोलताना सगळ्यात छळतो तो ‘ह’. तो स्वरयंत्रातच तयार होतो, त्यामुळे ‘हो’चं ‘ओ’ आणि ‘हात’चं ‘आत’ होऊ शकतं. ऐकणाऱ्यानं संदर्भानं समजून घ्यायचं.

झडप कायमची नसते. तिच्यावर बुरशी साठते, पाकळी नीट मिटेनाशी होते आणि एक दिवस चहा पिताना ठसका लागतो. म्हणून रोज आरशासमोर उभं राहून, मानेतल्या भोकातून बारीक ब्रश घालून ती साफ करायची. तरीही बहुतेकांना काही महिन्यांनी नवी बसवावी लागते आणि आयात झडपेला हजारो रुपये पडतात. बिडी ओढून घसा गमावलेल्या मजुराला हे कुठून परवडणार? बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी इंजिनिअर शशांक महेश यांच्यासोबत ‘ओम’ नावाची झडप तयार केली, तिची किंमत सुमारे 50 रुपये ठेवली. माझ्या मते मूळ शोधाइतकंच हे काम मोलाचं आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच झडपेला जमलेली नाही. अन्ननलिकेचे स्नायू स्वरतंतूंपेक्षा जाड, त्यामुळे आवाज खर्जातला येतो. पुरुषांना तो चालून जातो. बाईनं फोन उचलून ‘बोला’ म्हटलं, की पलीकडचा विचारतो, “काका, वहिनी आहेत का घरात?”